एका पलटणीची पाच पुस्तके

दिवाळीच्या आधी बरोबर एक महिना सर्वपित्री अमावास्या येते. ज्याची तिथी ठाऊक नाही, जो घराबाहेर पडला आणि परत आलाच नाही, त्याचेही पान त्या दिवशी वाढले जाते. माझ्या आजीचा एक नेम होता. घराण्यातली सगळी नावे घेऊन झाली की ती शेवटी एक घास बाजूला ठेवी आणि म्हणे, "आणि ज्यांचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही, त्यांना." लहानपणी त्या घासाकडे माझे लक्ष कावळा कधी येतो एवढ्यापुरतेच असे. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला चाळिशी गाठावी लागली, आणि तो कळला तो एका परक्या देशातील पलटणीची पुस्तके वाचताना.

वाचकांनी दचकू नये. फराळाच्या ताटाशेजारी तोफा आणून ठेवण्याचा माझा विचार नाही. मी खेड्यातला शाळामास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या एवढीच काय ती जमा. शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, म्हणून इंग्रजी पुस्तक वाचायचे म्हणजे शब्दकोश उशाशी घेऊनच बसावे लागते. पण सावकाश वाचणाराला एक फायदा असतो. घाईने वाचणारा ज्या वाक्यावरून निसटून जातो, त्याच वाक्याशी त्याला मुक्काम करावा लागतो. अशा मुक्कामांतून या पाच पुस्तकांविषयी जे मत बनले, ते येथे मांडीत आहे.

रॉयल वेल्च फ्युजिलिअर्स हे त्या रेजिमेंटचे नाव. १६८९ मध्ये उभी राहिलेली वेल्सची ही पायदळ रेजिमेंट २००६ मध्ये दुसऱ्या एका वेल्श रेजिमेंटमध्ये विलीन झाली. तिचा संग्रह आज कार्नार्व्हनच्या किल्ल्यात आहे. परंपरा जपण्याचा या रेजिमेंटला मोठा सोस. शिपायाने केसांची वेणी घालावी आणि तिला पावडर लावावी अशी एके काळी ब्रिटिश सैन्यात रीत होती. ती रीत १८०८ साली गेली. पण वेणीच्या पावडरीने कोट मळू नये म्हणून मानेमागे लावलेल्या काळ्या फिती या लोकांनी सोडल्या नाहीत. वेणी गेली, फीत राहिली. दर १ मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, नव्या माणसाने खुर्चीवर उभे राहून, एक पाय टेबलावर ठेवून, ढोलाच्या गजरात लीक नावाची कांद्याच्या जातीची भाजी कच्ची खायची. आणि नावातले एक अक्षर! वेल्श हा शब्द इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिता येतो. सरकार नव्या तऱ्हेने लिही, रेजिमेंटला जुनी तऱ्हा हवी होती. १९२० साली सरकारने हार मानली आणि जुने अक्षर परत दिले. एका अक्षरासाठी इतका हट्ट कशाला, असे आपल्याला वाटेल. पण नावाचे मोल ज्याला कळते तोच एका अक्षरासाठी भांडतो.

पहिल्या महायुद्धात या रेजिमेंटची सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यांच्यासाठी रेक्सम गावी १९२४ मध्ये गॉस्कम जॉन या शिल्पकाराने घडविलेले स्मारक उभे राहिले. त्यावर ब्राँझचे दोन शिपाई आहेत, एक अठराव्या शतकातला आणि एक त्या युद्धातला. कल्पना चांगली आहे. पूर्वज आणि वंशज शेजारी शेजारी उभे केले आहेत. परंतु ब्राँझचा शिपाई कोणी एक नसतो. तो सर्वांचा असतो, म्हणून नेमका कोणाचाच नसतो. नवल असे, की ही उणीव भरून काढणारी माणसे त्याच रेजिमेंटमधून निघाली. एका पायदळ रेजिमेंटच्या लोकांनी स्वतः लिहिलेली अशी पाच पुस्तके एकत्र मिळण्याचा योग जगाच्या साहित्यात विरळाच म्हणायचा.

पहिले पुस्तक रॉबर्ट ग्रेव्हजचे, 'गुडबाय टु ऑल दॅट', १९२९ मधले. ग्रेव्हज शाळा संपवून सरळ रेक्समच्या छावणीत दाखल झाला. जुलै १९१६ मध्ये, एकविसाव्या वाढदिवसाला चार दिवस असताना, सोमच्या आघाडीवर तो इतका जखमी झाला, की तो मेला असे समजून त्याच्या कर्नलने आईला सांत्वनाचे पत्रही धाडले. वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी छापून आली. पुढे ती दुरुस्त करून घ्यावी लागली! स्वतःच्या मृत्यूची बातमी वाचलेल्या माणसाच्या लेखणीत जो एक बेदरकारपणा येतो, तो या पुस्तकात पानोपानी आहे. ते वाचनीय आहे, खट्याळ आहे, कित्येकदा निर्दय आहे. पण पैशाच्या निकडीत घाईघाईने लिहिलेले आहे, आणि ती घाई दिसते. सीगफ्रीड ससून व एडमंड ब्लंडन या दोघा कवींनी त्याची एक प्रत घेऊन तिचे समास रागारागाने चुकांच्या टिपणांनी भरून टाकले. त्यांच्या रागाचे कारण केवळ तारखांच्या चुका एवढेच नसावे. मेलेल्या सोबत्यांच्या गोष्टी रंगवून सांगण्याचा हक्क कुणाला, हा खरा वाद होता. ग्रेव्हजचे म्हणणे असे, की युद्धातून आलेल्या माणसाच्या आठवणीत चुका असणारच, त्या असणे हेच तिचे खरेपण. हे म्हणणे मला अर्धेच पटते. आठवण चुकते हे खरे. पण मेलेला माणूस ती दुरुस्त करायला येत नाही, म्हणून जिवंताने अधिक जपून लिहावे.

ससून हा त्याच रेजिमेंटमधला, ग्रेव्हजचा मित्र. लढाईतला धाडसी अधिकारी, शौर्यपदक मिळविलेला. आणि १९१७ मध्ये युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढून सर्वांना हादरवणाराही तोच. त्याने आपली कथा कादंबरीच्या आडून सांगितली. 'मेम्वार्स ऑफ अ फॉक्सहंटिंग मॅन' (१९२८) आणि 'मेम्वार्स ऑफ अ‍ॅन इन्फन्ट्री ऑफिसर' (१९३०) ही तिची पहिली दोन पुस्तके. मी ती एकच धरतो. येथे सगळी नावे बदललेली आहेत. ससून झाला शर्स्टन, ग्रेव्हज झाला क्रॉम्लेख, रेजिमेंटलाही खोटे नाव मिळाले. डेव्हिड थॉमस नावाचा एक तरुण अधिकारी होता, वेल्समधल्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा, ससूनचा आणि ग्रेव्हजचाही जिवलग. १८ मार्च १९१६ रोजी तो गोळी लागून मेला. पुस्तकात त्याचे नाव डिक टिल्टवुड.

येथे माझा मुक्काम बराच लांबला. ज्या रेजिमेंटने नावातल्या एका अक्षरासाठी भांडण केले, तिच्या लेखकाने आपल्या लाडक्या मित्राचे नावच पुसून टाकावे? आणि तरीही पुस्तक मिटल्यावर आपल्याला आठवतो तो डिकच. त्याचा मोकळा चेहरा, त्याच्या खोलीत असण्याने हवेत येणारा सरळपणा, आणि त्याला पुरताना अंधारात उभी असलेली माणसे. फ्रान्समधल्या त्याच्या दगडावर खरे नाव आहे; दगड वाचून तो कोणाला आठवणार नाही. पुस्तकात नाव खोटे आहे. पुस्तक वाचून तो कोणी विसरणार नाही. नाव आणि ओळख या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मला ससूनने शिकवले. दगड नाव देतो. ओळख द्यायला माणूस लागतो.

ससूनचा दोषही सांगितला पाहिजे. त्याच्या पानांत अधिकारी हे माणसे असतात आणि शिपाई हा बहुधा समुदाय असतो. त्या समुदायाविषयी त्याच्या मनात अपार कणव आहे. परंतु कणव ही वरून खाली वाहणारी गोष्ट आहे. खालचा माणूस स्वतः बोलू लागला की त्याच्या तोंडी कणव नसते. तो रेशन, पाऊस, उवा आणि सार्जंट यांच्याविषयी बोलतो.

तो बोलला १९३३ मध्ये. फ्रँक रिचर्ड्सचे 'ओल्ड सोल्जर्स नेव्हर डाय' हे या पाचांतले माझे सर्वांत आवडते पुस्तक. रिचर्ड्स आईबापांविना वाढलेला, ब्लेना गावी काका-काकूंनी सांभाळलेला, कोळशाच्या खाणीत कामाला गेलेला. १९०१ साली सैन्यात शिरला. १९१४ मध्ये राखीव दलातून त्याला परत बोलावले, आणि पहिल्या महिन्यापासून अखेरपर्यंत तो दुसऱ्या बटालियनबरोबर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये राहिला. शौर्याची दोन पदके मिळाली, पण बढती त्याने घेतली नाही. शेवटपर्यंत साधा शिपाईच राहिला. पुस्तकाची भाषा खाणीतल्या माणसाची आहे. ग्रेव्हजने हस्तलिखित वाचून त्याचे व्याकरण व स्पेलिंग नीट केले, आणि त्याचा गाजावाजा केला नाही. ग्रेव्हजच्या पदरी हे एक पुण्य जमा करावे लागेल.

रिचर्ड्स रडत नाही. सोबती मेला की दोन ओळींत सांगतो आणि तिसऱ्या ओळीत चहाकडे वळतो. प्रथम हे निगरगट्टपणाचे वाटते. पन्नास पाने गेली म्हणजे कळते, की रोज मरणारांमध्ये चार वर्षे राहिलेल्या माणसाची हीच शोक करण्याची रीत आहे. त्या दोन ओळींत मेलेल्याची एखादी खोड, पत्त्यातली एखादी चाल, एखादी शिवी तो नेमकी ठेवून जातो. एवढ्यानेच तो माणूस समुदायातून बाहेर येऊन उभा राहतो.

नाताळ १९१४ची त्याची हकिगत तर सणाच्या दिवशी घरात मोठ्याने वाचावी अशी आहे. दोन्ही बाजूंचे शिपाई खंदकांतून वर आले. समोरच्या जर्मनांनी फ्रेलिंगेनच्या भट्टीतली बिअरची पिपे गडगडत आणून दिली. रिचर्ड्स या शांततेचे काव्य करीत नाही. बिअर किती पाणचट होती याचीच तक्रार करतो. पण जिच्या बेचव बिअरची तक्रार केली ती शांतता खरी होती, यावर आपला विश्वास बसतो. तोच प्रसंग अधिकाऱ्यांच्या बाजूने कसा दिसला, हे चौथ्या पुस्तकात वाचायला मिळते. 'द वॉर द इन्फन्ट्री न्यू' हे ते पुस्तक, याच दुसऱ्या बटालियनचे डॉक्टर कॅप्टन डन यांनी सिद्ध केलेले. १९३८ मध्ये फक्त पाचशे प्रती निघाल्या, त्याही संपादकाच्या नावाशिवाय. सोबत्यांची पत्रे, रोजनिशा, आठवणी गोळा करून डॉक्टरांनी दिवसामागून दिवस लावला आहे. सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या कप्तानाने हवेत तीन गोळ्या झाडल्या, नाताळच्या शुभेच्छांचे फडके वर केले. पलीकडून आभाराचे फडके वर आले. मग दोन्ही कप्तानांनी एकमेकांना सलाम केला आणि युद्ध पुन्हा चालू झाले. डन यांनी यावर भाष्य केलेले नाही. गरजही नव्हती. या पुस्तकाला नायक नाही, लेखकाचा अहंकारही नाही. त्यामुळे ते वाचायला जड जाते हे कबूल केले पाहिजे. पण ज्याला घासूनपुसून पाहायचे आहे त्याला बाकीची चार पुस्तके याच दगडावर घासावी लागतात.

रिचर्ड्सचा आपल्या मुलुखाशी एक ऋणानुबंध आहे, तोही येथे सांगतो. लढाईपूर्वीची त्याची कित्येक वर्षे हिंदुस्थानात व ब्रह्मदेशात गेली. त्यांच्यावर त्याने १९३६ मध्ये 'ओल्ड सोल्जर साहिब' लिहिले. त्यात आपल्या नाशिकजवळची देवळाली आहे. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना घरी नेणारे जहाज येईपर्यंत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने बसवून ठेवीत. काम नाही, कवायत नाही, नुसती वाट पाहायची. त्यात काहींची डोकी फिरत. या वेडाला शिपायांनी 'देवळाली ताप' असे नाव दिले. उच्चार बिघडत बिघडत तो शब्द 'डूलाली' होऊन इंग्रजी भाषेत कायमचा राहिला. आज लंडनमध्ये कुणी कुणाला वेड्यात काढताना आपल्या देवळालीचे नाव घेतो, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो! याच पुस्तकात हिंदुस्थानी माणसांविषयी गोऱ्या शिपायाची मग्रुरी आणि हात उगारण्याची सवय उघडी पडली आहे. रिचर्ड्स ती लपवीत नाही, तिची लाजही बाळगीत नाही. आवडत्या लेखकाचे हे अंग वाचताना मला क्लेश झाले. खालच्या माणसाच्याही खाली कोणी असतो, आणि त्याच्याकडे पाहताना तोही वरचा होतो. हा दोष झाकून रिचर्ड्सची थोरवी सांगणे बरे नव्हे.

पाचवे पुस्तक सर्वांत अवघड. डेव्हिड जोन्स हा चित्रकार, पंधराव्या बटालियनमधला साधा शिपाई. 'इन पॅरेन्थिसिस' म्हणजे 'कंसात'. हौशी शिपायांच्या आयुष्यात युद्ध कंसातल्या मजकुरासारखे आले, आणि माणसाचे इथले एकंदर जगणेही कंसातलेच, असा त्या नावाचा खुलासा त्याने केला आहे. गद्य कुठे संपते आणि पद्य कुठे सुरू होते ते कळू नये अशी रचना; त्यात छावणीतल्या शिव्या आणि तीनशे वीरांचा शोक करणारे प्राचीन वेल्श काव्य शेजारी शेजारी. जुलै १९१६ मधली मामेत्झच्या रानाची लढाई हा त्याचा शेवट. त्या रानात थोड्याच दिवसांत वेल्श डिव्हिजनची सुमारे चार हजार माणसे मेली वा जायबंदी झाली. जोन्सच्या पायालाही तेथेच गोळी लागली. पुस्तक मात्र यायला १९३७ उजाडले.

मला या पुस्तकाची पहिली साठ पाने कळली नाहीत, हे लपविण्यात अर्थ नाही. पण शेवटी एक प्रसंग आहे, तो कळायला मला शब्दकोश लागला नाही. लढाई संपत आली आहे, रानात प्रेते पडली आहेत, आणि वनाची राणी येऊन एकेका मृताला त्याच्या त्याच्या योग्यतेची फुले देते. वेल्श शिपायाला देते तशी जर्मनालाही. हे वाचले आणि डोळ्यांपुढे आला तो आमच्या गावच्या देवळामागचा वीरगळ. तुमच्याही गावाच्या वेशीवर असेल. खालच्या पट्टीत वीर लढून पडलेला. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी उचलून नेताहेत. वर तो शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला. आणि शेंड्यावर चंद्रसूर्य. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. पण गुरे राखताना पडला की गाव राखताना, ते चित्रावरून कळते, आणि पडलेल्याला कोणीतरी हाताला धरून नेले एवढा दिलासा मागच्यांना मिळतो. वेल्सच्या रानातली राणी आणि आपल्या दगडावरच्या अप्सरा एकाच कामावर नेमलेल्या आहेत. जोन्सने आपले पुस्तक सोबत्यांबरोबर समोरच्या शत्रूच्या शिपायांनाही अर्पण केले आहे. आपल्या वीरगळावर मात्र शत्रूला फुले मिळत नाहीत. तेवढा जोन्स आपल्या पुढे गेला.

याच पंधराव्या बटालियनमध्ये एक मेंढपाळ कवी होता. एलिस इव्हान्स हे त्याचे नाव. काव्यातले नाव हेद विन. धाकट्या भावाला जावे लागू नये म्हणून तो स्वतः गेला, आणि ३१ जुलै १९१७ रोजी ईप्रच्या आघाडीवर मेला. पुढच्या सप्टेंबरात वेल्श भाषेच्या राष्ट्रीय काव्यमेळ्यात टोपणनावाने आलेल्या एका कवितेला पहिला मान मिळाला. कवीला पुकारले, कोणी उठले नाही. तो रणांगणावर पडल्याचे सांगण्यात आले, आणि त्याच्यासाठी सिद्ध केलेल्या आसनावर काळे वस्त्र पांघरले. ते आसन आजही त्याच्या घरी आहे. घरच्यांनी दोन-तीन पिढ्या दार उघडे ठेवून येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखविले. रिकामे आसन हेही एक पुस्तकच म्हणायचे. फक्त ते वाचून दाखवायला घरचे माणूस लागते.

येथवर मी वेल्सची गोष्ट सांगितली. आता तिला आपली गोष्ट येऊन मिळते, आणि ती मी ओढून आणलेली नाही.

याच रेजिमेंटची आठवी बटालियन १९१६ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. तैग्रिसच्या काठी कूट गावी हिंदी फौजेची सहावी, म्हणजे पुण्याची डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. त्यांची सुटका करण्यासाठी एप्रिलमध्ये जी फौज चालून गेली तिच्यात हे वेल्श शिपाई होते. हन्ना, सन्नाइयात अशा जागी हल्ले झाले, माणसे पडली, वेढा उठला नाही. जवळजवळ पाच महिने तग धरून कूट २९ एप्रिल १९१६ रोजी पडले. म्हणजे मराठी शिपायांना सोडविण्याच्या वाटेवर वेल्सचे शिपाई मेले. एवढे नाते पुरे आहे.

ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा, मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांवर लोकांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला झाले. त्यावर वेल्श शिपायाचे नाव आहे. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीही नावे आहेत. पण हिंदी फौजेच्या साध्या शिपायासाठी दगडावर पलटणीचे नाव आणि त्यापुढे आकडा. त्याच नदीवर, त्याच उन्हात, त्याच सरकारसाठी मेलेली ही माणसे. एकाला अक्षरे मिळाली आणि दुसऱ्याला अंक. महायुद्धानंतर आपल्या कित्येक खेड्यांत सरकारने संगमरवरी पाट्या बसविल्या, त्यांचाही मजकूर याच जातीचा. या गावातून इतके लोक लढाईस गेले, पैकी इतके कामी आले. माझ्या वर्गातली एक मुलगी तशी पाटी पाहून म्हणाली, "गुरुजी, हे हजेरीपुस्तक नाही, ही नुसती पटसंख्या आहे." चौथीतल्या मुलीने जे ओळखले ते साम्राज्याच्या समितीला ओळखायला शंभर वर्षे लागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये युद्धस्मारक आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन मृतांपैकी पंचेचाळीस ते चोपन्न हजारांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० लोकांचे नावानिशी किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असे त्यात मान्य केले आणि क्षमा मागितली. ब्रिटिश सरकारनेही पार्लमेंटात क्षमा मागितली. नावे शोधण्याचे काम आयोगाने अंगावर घेतले आहे. ते होवो.

पण ससूनने शिकविलेला धडा मी विसरलो नाही. उद्या सगळी नावे कोरली गेली तरी ओळख कोण देणार? कूटच्या वेढ्यात अन्न संपले तेव्हा घोड्याचे मांस वाटू लागले. खावे की न खावे? गावी कळले तर भाऊबंद पंगतीला घेतील का? उपासाने खंगणाऱ्या शिपायाच्या मनातला हा झगडा. यापेक्षा मोठा विषय कादंबरीला कोणता हवा? याच वेढ्यात शुश्रूषा पथकाबरोबर असलेल्या शिशिर सर्वाधिकारी यांनी बंदिवासात जपलेल्या टिपणांवरून बंगालीत 'अभि ले बगदाद' हे पुस्तक १९५७ च्या सुमारास लिहिले. बंगाल्यांना आपला रिचर्ड्स मिळाला. आम्ही पानिपतावर रडलो, भाऊसाहेबांचा आणि विश्वासरावांचा शोक पिढ्यान्‌पिढ्या केला, तो योग्यच होता. पण बसऱ्याला गेलेला सातारा-रत्नागिरीचा साधा शिपाई आमच्या कादंबरीत यायचा तो मनिऑर्डर पाठवणारा किंवा मिशांना पीळ देणारा म्हणून.

दुसऱ्याला बोल लावण्यापूर्वी मी आपलेच सांगतो. आमच्या आळीत एक वृद्ध निवृत्त हवालदार राहात. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत लढले होते. आम्ही मुले त्यांना हवालदार आजोबा म्हणत असू आणि त्यांच्या चालीची नक्कल करीत असू. पहिली कादंबरी लिहिताना मी त्यांना उचलले. तीच चाल, तोच करडा आवाज, मोडकी हिंदी, आणि प्रत्येक वाक्याला 'हम इटली में' ही पुस्ती. वाचक हसले. परीक्षणात त्या पात्राची स्तुती आली. मी खूष होतो. आजोबा तोवर वारले होते. एकदा त्यांच्या सूनबाई बाजारात भेटल्या. कादंबरी त्यांनी वाचली होती. म्हणाल्या, "मास्तर, सगळं हुबेहूब लिहिलंत हो. फक्त एक राहिलं. आमचे मामंजी मरेपर्यंत कधी अंधारात झोपले नाहीत. रोज रात्री उशाशी कंदील लागायचा. तेल संपून विझला तर दचकून उठायचे आणि कुणाकुणाला हाका मारायचे. कुणाला ते आम्हाला कधी कळलं नाही."

मी इतकी वर्षे शेजारी राहून मला फक्त मिशा दिसल्या होत्या. रिचर्ड्सच्या त्या दोन ओळी, ज्यांत एक खोड सांगून माणूस उभा राहतो, त्या मला लिहिता आल्या असत्या. विचारायला गेलो नाही, एवढेच. ज्या नावांनी ते हाका मारीत ती आता मिळणार नाहीत.

म्हणून या पाच पुस्तकांवर माझा अभिप्राय असा. ग्रेव्हजपासून धीटपणा घ्यावा, ससूनपासून माया, डनपासून सचोटी, जोन्सपासून शत्रूलाही फुले देण्याचे औदार्य. पण लिहायला बसताना समोर रिचर्ड्स ठेवावा, त्याच्या दोषांसकट. कारण तो वरून पाहात नाही, शेजारी बसून सांगतो. मृत सैनिकाचा गौरव करणे सोपे आहे. त्याला ओळखणे कठीण. गौरवाला चार विशेषणे पुरतात. ओळखीला त्याच्या घरी जावे लागते, सुनेला, लेकीला विचारावे लागते, आणि जे सांगतील ते पदरचा रंग न लावता टिपून घ्यावे लागते.

गेल्या वर्षापासून रविवारी वही घेऊन मी आसपासच्या गावांतल्या निवृत्त जवानांकडे जातो. बहुतेक जण प्रथम चहाविषयी बोलतात, मग बदल्यांविषयी, मग पेन्शनविषयी. मी लिहून घेतो. घाई करीत नाही. त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तर हवालदाराच्या उशाशी कंदील ठेवायचा आहे. चाल आणि हिंदी काढून टाकावी की राहू द्यावी, हे अजून ठरलेले नाही. सूनबाईंना विचारून ठरवीन.